वाचकांचे प्रश्न : खाडीतील खेकड्याची पिल्ले समुद्रातून परत कशी येतात?

मागील अंकात धानाच्या बांधीतील खेकड्यांविषयी एक टिपण छापले होते. त्यात ‘समुद्री खेकड्यांची पिल्ले आईपासून दूर, उघड्या समुद्रात वाढतात आणि मग खाडीत परततात’ असे एक वाक्य ओघात आले होते. त्या वाक्यावर विदर्भातील वाचकांनी इतक्या आस्थेने विचारणा केली आहे की हे संपूर्ण सदर आम्ही त्याच विषयासाठी ठेवत आहोत.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांनी रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर एक खेकडी पकडली. तिच्या पोटाखालची झडप उचलली तेव्हा आत ज्वारीच्या दाण्याएवढी, पण खेकड्याचाच आकार असलेली पिल्ले हलताना दिसली. पुस्तकातील चित्रात मात्र खेकड्याच्या अंड्यातून काटेरी, शेपटीवाला जीव बाहेर पडतो. हा फरक का, आणि समुद्रात वाहून गेलेला तो जीव खाडीत परत कसा येतो?
— एक शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : आपल्या मुलांनी पाहिले ते खरे आहे आणि पुस्तकातील चित्रही खरे आहे. गोड्या पाण्यातील खेकडी थोडी, पण टपोरी अंडी घालते, ती पोटाखाली जपते, आणि पिल्लू अंड्याच्या आतच सगळ्या अवस्था ओलांडून पूर्ण खेकड्याच्या रूपात बाहेर येते. बाहेर आल्यावरही काही काळ ते आईला बिलगूनच असते. नाल्यात किंवा बांधीत सूक्ष्म पिल्ले मोकळी सोडली असती, तर पहिल्याच पुरात ती खाली वाहून गेली असती आणि त्यांना पुन्हा वर आणणारी भरती आपल्या नद्यांना नाही.

खाडीतील खेकड्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. कोकणात जिला चिंबोरी आणि मालवणाकडे कुर्ली म्हणतात, त्या मोठ्या हिरवट खेकड्याची एक मादी एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी धारण करते. अंडी पिकू लागली की ती तिवरांचा चिखल सोडून समुद्राकडे निघते. उत्तर ऑस्ट्रेलियात अशा माद्या किनाऱ्यापासून ९५ किलोमीटर दूरपर्यंत सापडलेल्या आहेत. अंड्यातून निघणारा जीव जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. भिंगाखाली तो काचेसारखा पारदर्शक दिसतो, डोळे शरीराच्या मानाने फार मोठे असतात, कपाळावर एक आणि पाठीवर एक असे लांब काटे असतात आणि मागे दुभंगलेली शेपटी असते. त्याला नांग्या नसतात. तोंडाजवळच्या केसाळ अवयवांचे फटके मारत तो पोहतो. या रूपाला झोइया म्हणतात. तो आपल्या आईबापांहून इतका निराळा असतो की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची नोंद स्वतंत्र प्राणी म्हणून झाली होती, आणि आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी १८२० च्या दशकात खेकड्याच्या अंड्यातून तोच जीव बाहेर पडताना पाहिला तेव्हा कुठे त्याचे कूळ कळले. चिंबोरीचा झोइया कात टाकत पाच टप्प्यांतून जातो. त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. मग तो मेगालोपा नावाच्या दुसऱ्या रूपात येतो. मेगालोपाला नांग्या फुटलेल्या असतात, पण शेपटी अजून पोटाखाली दुमडलेली नसते आणि तिच्याखालच्या वल्ह्यांनी तो चांगला पोहू शकतो. खाडीत परतण्याचे काम बहुतेक वेळा याच मेगालोपाला करावे लागते.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ, कारण खरे नवल तिथेच आहे. झोइया सेकंदाला एखादा सेंटिमीटर पोहतो; मेगालोपा त्याच्यापेक्षा वेगवान असला तरी खाडीच्या तोंडाशी पाणी सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावत असते. त्या धारेविरुद्ध पोहून घर गाठणे त्याला कालत्रयी शक्य नाही. पण आडवे पोहणे निष्फळ असले तरी उभे पोहणे निष्फळ नसते. खाडीची खोली पाच मीटर धरली, तर सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगानेही तळापासून पृष्ठभागापर्यंत यायला साडेआठ मिनिटेसुद्धा लागत नाहीत. तळाजवळ पाणी संथ असते, वर ते वेगाने वाहते. म्हणून मेगालोपा भरतीचे पाणी आत शिरू लागले की वर येतो, त्या पाण्याबरोबर आत जातो, आणि ओहोटी लागली की तळाशी जाऊन थांबतो. गावाकडे जाणारी एसटी आली की चढावे आणि उलट दिशेच्या गाडीच्या वेळी फलाटावरच बसून राहावे, तसे. भरती सुमारे सहा तास चालते. सेकंदाला सरासरी अर्धा मीटर असा वेग धरला तर एका भरतीत तो दहा किलोमीटरांहून अधिक आत येऊ शकतो, आणि हे अंतर त्याच्या स्वतःच्या बळाने कापायचे म्हटले तर कित्येक दिवस लागले असते.

भरती लागली हे त्याला कसे कळते, याचाही शोध प्रयोगशाळेत घेतला गेला आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ड्यूक विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे. तिथे रिचर्ड फॉरवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळा खेकडा या अमेरिकी जातीच्या मेगालोपांवर अनेक वर्षे प्रयोग केले. भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी आत येते, त्यामुळे क्षारता वाढू लागते. ही वाढ जाणवताच मेगालोपा तळ सोडून वर पोहू लागतो. पाणी जोरात धावत असेपर्यंत त्यातील खळबळ त्याला पोहत ठेवते. भरती पूर्ण होऊन पाणी थबकले की खळबळ थांबते आणि तो खाली बसतो. ओहोटीतही पाणी खळबळते, पण तेव्हा क्षारता घटत असते, म्हणून तो वर येत नाही. एका मिलिमीटरच्या दोनचारपट आकाराच्या जीवाने क्षारता आणि खळबळ या दोन खुणा एकत्र वाचून भरती आणि ओहोटी वेगळी ओळखावी, हे मला जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, आणि आपल्या वर्गात ते आकृती काढून अवश्य सांगावे.

सगळ्याच जाती मात्र समुद्रात जात नाहीत. हॅरिसचा चिखल-खेकडा या नावाने ओळखली जाणारी एक छोटी अमेरिकी जात आपली पिल्ले खाडीतच राखते. नदीचे गोडे पाणी हलके असल्यामुळे ते वरच्या थरातून समुद्राकडे जाते आणि समुद्राचे जड, खारे पाणी तळाच्या थरातून आत सरकत राहते. या जातीचे झोइया भरती-ओहोटीच्या तालावर या दोन थरांमध्ये वरखाली करत राहतात आणि परिणामी जवळजवळ जागच्या जागी टिकतात. चिंबोरीचे झोइया असे करू शकत नाहीत, कारण त्यांना गोडसर पाणी सोसत नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्रमाण १५ ते २० ग्रॅमच्या खाली गेले की हे झोइया मरू लागतात, आणि पावसाळ्यात कोकणातील खाड्यांचे वरचे पाणी तर जवळपास गोडेच होते.

प्रश्न : कोकणातील आमचे नातेवाईक खेकड्यांच्या बाबतीत नेहमी अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब सांगतात. पिल्लांचा आणि चंद्राचा खरोखर काही संबंध आहे का?
— एक विद्यार्थी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आहे, आणि तो भरतीच्या मार्गाने येतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एकत्र येऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरांच्या आसपास जातो. चिखलपट्टीवर राहणारे, नराची एक नांगी भली मोठी असलेले जे छोटे खेकडे आहेत, त्यांच्या अनेक जातींच्या माद्या पिल्ले सोडण्यासाठी उधाणाच्या दिवसांतील रात्रीची पूर्ण भरती निवडतात. त्यानंतर लागणारी जोरदार ओहोटी पिल्लांना अंधार असतानाच खाडीच्या बाहेर नेते. खाडी म्हणजे लहान माशांचे आगर, आणि हे मासे डोळ्यांनी पाहून शिकार करतात; त्यामुळे उजाडण्यापूर्वी तिथून बाहेर पडणे हा पिल्लांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. झोइयाच्या अंगावरचे ते लांब काटेही लहान तोंडाच्या माशाला त्याला गिळू न देण्यासाठीच उपयोगी पडतात.

परतीचा प्रवासही मुख्यतः रात्रीचा असतो. उघड्या समुद्रात मेगालोपा दिवसाही पृष्ठभागाजवळ सापडतात, पण खाडीच्या पाण्याचा वास लागला की त्यांचे वागणे बदलते. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि खाडीतील वनस्पतींतून पाण्यात उतरलेली द्रव्ये त्यांना जाणवतात, आणि त्यानंतर उजेडात ते वर पोहत नाहीत. त्यामुळे दिवसाची भरती त्यांच्यासाठी वाया जाते. रात्रीची भरती तेवढी उपयोगाची ठरते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे भरतीचा किती काळ अंधारात येतो हेही रोज बदलते, आणि पिल्लांची आवक पंधरवड्याच्या फेऱ्याने कमी-जास्त होताना दिसते.

प्रश्न : आमचे कापसाचे आणि सोयाबीनचे वर्ष पावसावर ठरते. समुद्रातील वाऱ्यावर खेकड्याचे वर्ष चांगले-वाईट ठरते, असे म्हणता येईल का?
— एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : निःसंशय म्हणता येईल. भरती-ओहोटीचे काम खाडीच्या तोंडापासून आत सुरू होते. त्या तोंडापर्यंत पिल्ले पोचणार की नाही, हे बाहेरच्या समुद्रातील वारा आणि प्रवाह ठरवतात, आणि ते दरवर्षी सारखे नसतात.

समुद्रावर वारा वाहत राहिला की पाणी सरळ वाऱ्यामागे जात नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात पृष्ठभागाच्या थराची एकूण हालचाल वाऱ्याच्या उजव्या बाजूला होते. स्वीडनचे वालफ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये हे गणिताने मांडले. त्यामुळे किनाऱ्याला समांतर वाहणारा वारासुद्धा पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलू शकतो किंवा किनाऱ्याकडे लोटू शकतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक आणि डेलावेअर या उपसागरांच्या तोंडाशी निळ्या खेकड्याची पिल्ले उन्हाळ्यात बाहेर पडतात. तिथे नदीचे पाणी किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहते आणि पिल्लांना घरापासून दूर नेऊ पाहते. पण उन्हाळी नैऋत्य वारे वरचे पाणी उत्तरेकडे आणि बाहेर रेटतात, त्यामुळे पिल्लांपैकी बरीच उपसागराच्या आसपासच्या समुद्रात रेंगाळतात. शरद ऋतूत वारा ईशान्येकडून वाहू लागतो, पाणी किनाऱ्याकडे येते, आणि एव्हाना मेगालोपा झालेली पिल्ले त्याबरोबर तोंडातून आत शिरतात. हा पालट वेळेवर झाला नाही, किंवा मधल्या काळात वारे भलतीकडूनच वाहिले, तर त्या पिढीचा मोठा भाग समुद्रातच संपतो. उत्तर कॅरोलिनातील पामलिको नावाच्या जलाशयात तर चंद्राची भरती अगदी क्षीण असते. तिथे वादळांनी आत लोटलेल्या पाण्याबरोबर मेगालोपांची मोठी आवक झाल्याच्या नोंदी आहेत.

अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावरील उदाहरण याहून बोलके आहे. तेथील डंजनेस खेकड्याची पिल्ले हिवाळ्यात सुटतात आणि वसंतात परततात. हिवाळ्यात तिथे दक्षिणेचा वारा असतो, वसंतात तो पालटून उत्तरेचा होतो आणि खालचे थंड पाणी वर येऊ लागते. ओरेगॉन राज्यातील कूस बे येथे सागरी जीवशास्त्रज्ञ अॅलन शँक्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाण्यात दिव्याचे सापळे लावून परतणाऱ्या मेगालोपांची मोजणी सुरू केली. एखाद्या वर्षी सापळ्यात अवघी काही हजार पिल्ले आली, तर एखाद्या वर्षी दहा लाखांहून अधिक. वाऱ्याचा पालट लवकर झालेल्या वर्षी आवक जास्त असते असे त्यातून दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आवकीच्या आकड्यांवरून चार वर्षांनंतर कोळ्यांच्या हाती किती खेकडे येतील याचा अंदाज बांधता येऊ लागला, कारण पिल्लाला विकण्याजोगे मोठे व्हायला साधारण तेवढा काळ लागतो. शेतकऱ्याला पावसाचा परिणाम त्याच हंगामात दिसतो, तेथील कोळ्याला वाऱ्याचा परिणाम चार वर्षांनी दिसतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह ऋतूप्रमाणे दिशा बदलतो: नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे एकाच खाडीच्या तोंडाशी ऑगस्टमध्ये सुटलेली पिल्ले आणि डिसेंबरमध्ये सुटलेली पिल्ले यांना पाणी उलट दिशांना नेऊ पाहते. पावसाळ्याच्या अखेरीस किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात खालून थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते, तेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय तापमानाचा भाग आहेच. पाणी उबदार असेल तर पिल्ले लवकर वाढतात आणि प्रवाहात वाहण्याचे दिवस कमी होतात, पण त्यांची भूकही वाढते, आणि खाद्य न मिळाल्यास ती लवकर मरतात.

प्रश्न : आमच्या गावाशेजारून प्राणहिता जाते आणि गोदावरीला मिळते. वर धरणे झाल्यापासून नदीचे वागणे बदलले आहे. आमच्याकडचे पाणी अडवण्याचा किंवा सोडण्याचा परिणाम समुद्राकाठच्या खेकड्यांवर होतो का?
— एक वाचक, सिरोंचा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण समुद्रापासून इतक्या दूर राहूनही आपण त्याच्याशी असलेले नाते अचूक ओळखले आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. काकीनाड्याजवळचे कोरिंगाचे तिवरवन याच त्रिभुज प्रदेशात आहे आणि तिथे चिंबोरीचे मोठे वसतिस्थान आहे. भंडारा जिल्ह्यातील पावसाचे पाणी शेवटी तिथल्या पाण्याच्या दोन थरांपैकी वरच्या थरात असते.

पहिल्या उत्तरात सांगितलेली दोन थरांची रचना नदीच्या पाण्यावर उभी असते. नदीतून पुरेसे पाणी आले तर वरचा थर जोमाने बाहेर वाहतो आणि त्याची भरपाई म्हणून तळाचे खारे पाणीही आत येत राहते. पिल्लांना बाहेर जाण्याचा आणि आत येण्याचा असे दोन्ही रस्ते मिळतात. पाणी वरच अडले तर खारे पाणी नदीत दूरवर चढते, थर मिसळून जातात, आणि क्षारतेतील चढ-उतार मंदावतो, जो मेगालोपासाठी भरतीची खूण असतो. उलट, दारे एकदम उघडून मोठा लोंढा सोडला तर त्या वेळी आत येऊ पाहणारी पिल्ले बाहेर फेकली जातात आणि जी झोइया अवस्थेत असतील त्यांना गोड्या पाण्याचा तडाखा बसतो. नदीने आणलेल्या आणि तिवरांच्या पाल्यातून निघालेल्या द्रव्यांचा वास पिल्लांना खाडी ओळखायला मदत करतो, हे वर आलेच आहे. त्यामुळे नदीत पाणी किती सोडावे याबरोबरच ते कधी आणि कशा गतीने सोडावे, याचा विचार नियोजनात झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागातील ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, बांधवांना याच गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावात मोठा झिंगा वाढवायचा तर त्याचे बीज दर वेळी बाहेरून आणावे लागते. तो गोड्या पाण्यात उत्तम वाढतो, त्याची मादी अंडीही धरते, पण त्यातून निघणाऱ्या पिल्लांना पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागते. बीजोत्पादन केंद्रात ते दर लिटरला १२ ते १५ ग्रॅम क्षारतेचे ठेवतात. निसर्गात मादी नदीने खाली खाडीकडे जाते आणि वाढलेली पिल्ले पुन्हा नदी चढून वर येतात. तलावाला तो रस्ता नाही. जिथे नदीवर बंधारे आले आहेत, तिथे नदीतल्या झिंग्यांनाही तो उरत नाही.

प्रश्न : आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. विहिरीचे पाणी खारट असल्यामुळे ओलीत होत नाही. या पाण्यात चिंबोरीची पैदास करता येईल का?
— एक तरुण शेतकरी, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : पैदास करता येणार नाही. आपल्या पट्ट्यातील, म्हणजे पूर्णा खोऱ्यातील, पाणी शेतीसाठी घातक असले तरी समुद्राच्या तुलनेत त्यात क्षार फारच कमी आहेत, आणि झोइयाला जवळपास समुद्राइतकेच खारे, स्वच्छ आणि स्थिर तापमानाचे पाणी लागते. क्षारांचे एकूण प्रमाण जमवले तरी त्यांचे आपसातील प्रमाण वेगळे असते. जमिनीखालील खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी असते. हरियाणात रोहतकजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या केंद्रात अशा पाण्यात कोळंबी वाढवण्याचे जे काम झाले, त्यात पोटॅशियमची ही उणीव भरून काढावी लागली.

बीजोत्पादन केंद्रातून आणलेली, खेकड्याचे रूप घेतलेली छोटी पिल्ले वाढवणे हा निराळा विषय आहे, कारण त्या अवस्थेत चिंबोरी कमी क्षारता बऱ्यापैकी सोसते. तमिळनाडूत राजीव गांधी जलकृषी केंद्र असे बीज तयार करते. तरीही बीज मागवण्यापूर्वी आपल्या विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि अहवालात केवळ एकूण क्षार न पाहता सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. वापरलेले खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात किंवा नाल्यात सोडावे लागणार नाही, अशी सोय आधी झाल्याखेरीज तळे खोदू नये.